ज्याचा त्याचा डॉक्टर

१

सुरुंगकाका एका घावात मेला नव्हता. भिंतीवर हात पुरणार नाही एवढ्या उंच रक्त उडालं होतं. उशी भिजून काळी पडली होती आणि फरशीवर पाऱ्याचे थेंब पळत होते. त्याचं डोकं फोडलं होतं बीपीच्या मशीनने. जुन्या पद्धतीचं मशीन, लोखंडी पेटीतलं, विटेसारखं जड. पेटीचा एक कोपरा आत चेपला होता. माणसाची कवटी दिसते त्यापेक्षा चिवट असते. मी अख्खी नोकरी पोलिसात काढली आहे, त्यामुळे हे मला ऐकीव माहीत नाही.

पलंगाजवळ आमची डॉक्टरीण, स्कूटरवाली, उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. मशीन तिचंच.

"मी हात धुवायला गेले होते," ती म्हणाली. "परत आले तर हे असे. मी उचलायला गेले हो त्यांना."

"उचलायला की उरकायला?" दारातून मेट्रन गरजली. कपाटाला गणवेश घातला तर कसं दिसेल, तशी आमची मेट्रन. तिने पुढे होऊन स्कूटरवालीचा हात पिरगाळला, तिला भिंतीवर आदळलं आणि शिपायाला हाक मारली. "पोलिसांना फोन कर. आणि फाटकाजवळची ती पाटी आत्ताच्या आत्ता उतरव!"

मी वॉकर ढकलत दारापर्यंत पोचले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून माझा वेग गोगलगायीने लाजावं असा आहे. सुरुंगकाकाचं तोंड उघडं होतं आणि त्यात दात नव्हते.

२

हे आमचं वृद्धनिवास. इथे येताना माणूस घर सोडतो, स्वयंपाकघर सोडतो, स्वतःच्या चाव्या सोडतो. एक गोष्ट मात्र इथे सोडावी लागत नाही, किंवा त्या दुपारपर्यंत लागत नव्हती. फाटकातून आत आलं की पाटी दिसते: 'ज्याला जो डॉक्टर हवा, तो त्याने बोलवावा.'

बहुतेकांनी घरचे डॉक्टर धरले होते. म्हणजे निवासाने नेमलेले. माणूस लोण्यासारखा मऊ. आजी, आजोबा म्हणत पाठीवरून हात फिरवणारा. बाहेरची डॉक्टरीण आम्ही दोघांनीच धरली होती, सुरुंगकाकाने आणि मी. ती स्कूटरवर यायची म्हणून स्कूटरवाली.

सुरुंगकाका जन्मभर दगडाच्या खाणीत सुरुंग उडवत होता. बोलायचा तर अख्ख्या मजल्याला ऐकू जावं असं. इथे आला त्या वर्षी तो घरच्या डॉक्टरांकडेच होता. मग बदलला. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एका खोलीत एकच बहिरा चालतो, फौजदारबाई. दोन नाही."

मी हसले होते. डॉक्टर कुणाचं ऐकून घेत नाहीत हे खरंच होतं.

पुढे आमचं बिनसलं. बागेतल्या बाकावर त्याच्या शेजारी बसून मी त्याला एक प्रश्न विचारला आणि हा पठ्ठ्या झाडाकडे बघत राहिला. हो नाही की नाही नाही. विचारायला मला किती धीर करावा लागला होता ते मलाच ठाऊक. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आता तो मेला होता, आणि मला राग नेमका कुणाचा येतोय तेच कळेना.

इन्स्पेक्टर आला. एके काळी तो माझ्या हाताखाली होता. मी त्याला दंडुका कसा धरायचा ते शिकवलंय.

"मॅडम, तुम्ही खोलीत जा. केस सरळ आहे."

"सरळ केस बघून तुला कधीपासून आनंद व्हायला लागला? खाली बघ."

पलंग खोलीच्या मधोमध, उशाशी भिंत. उताणा झोपलेल्या काकाच्या उजव्या हाताला दार, डाव्या हाताला खिडकी. दाराच्या बाजूला एक स्टूल नीट उभं होतं. बाजूची फरशी शिंतोड्यांनी भरलेली, पण स्टुलाची बैठक पांढरी स्वच्छ. इन्स्पेक्टरने स्टूल उचललं. त्याच्या पायांखाली रक्त होतं.

"म्हणजे आधी रक्त, मग स्टूल," मी म्हटलं. "खून झाल्यावर कुणीतरी ते इथे आणून ठेवलंय."

"किंवा लाथ लागून सरकलं असेल."

"लाथ लागलेलं स्टूल इतकं शहाण्यासारखं उभं राहतं?"

पलंगाखाली कवळी सापडली. दातांच्या फटीत रक्त आणि त्वचेचा एवढासा तुकडा.

"तोंडावर मारलं असणार," इन्स्पेक्टर म्हणाला.

मी वाकून बघितलं. वाकणं म्हणजे मला शिक्षाच. कपाळ फुटलं होतं, कानशील फुटलं होतं. पण ओठ, हिरड्या, गाल सगळं शाबूत होतं. म्हातारा मरता मरता कुणाला तरी कडकडून चावला होता.

"गाडी येईल तेवढ्यात काय बघायचं ते बघा," इन्स्पेक्टर म्हणाला. "गाडी आली की प्रेत एका गाडीत आणि डॉक्टरीण दुसरीत."

३

सुरुंगकाकाचा पुतण्या धावत आला तो थेट स्कूटरवालीवर. तिला तात्पुरतं चादरींच्या खोलीत बसवलं होतं. पोलीस शिपाई आडवा यायच्या आत पुतण्याने तिच्या तोंडात ठोसा मारला. ती खुर्चीसकट पडली, ओठ फाटला. त्याने पाय उचलला होता, तोवर मी पोचले आणि वॉकरची लोखंडी दांडी त्याच्या नडगीवर घातली. पुतण्या लंगडी घालत ओरडायला लागला.

"माझ्या काकाला मारलं हिने!"

"आणि जेवणाच्या वेळी काकाची कॉलर कुणी धरली होती?" मी विचारलं. "भिंतीवर दाबून धरलं होतंस त्याला. सगळ्यांनी बघितलं."

तो खाली बसला. "ऐकत नव्हता तो! म्हटलं, काका, घरचे डॉक्टर फुकट येतात, बाहेरची कशाला? तर म्हणे, हात माझा, नाडी माझी, तू कोण सांगणारा? माझं डोकं फिरलं. पण मारलं नाही हो मी. चुलता होता माझा, सख्खा. लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलाय."

आणि तो भोकाड पसरून रडला. मी त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. ठोशाने सोललेले सांधे सोडले तर काही नाही.

मेट्रनच्या मनगटावर मात्र ताजे ओरखडे होते. इन्स्पेक्टरचे डोळे चमकले.

"कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना औषध पाजताना," मेट्रन म्हणाली. "नखं काढतात त्या. रोजचंच आहे."

"नखांचेच आहेत," मी म्हटलं. "दातांचे असे लांब नसतात. मेट्रन, एक सांगा. मजल्यावर एवढा धुमाकूळ झाला. शेजारच्या खोल्यांत कुणाला जाग कशी नाही आली?"

"दुपारी झोपतात सगळे."

"मी नाही झोपत. मी खाली व्यायामाला गेले होते म्हणून, नाहीतर ऐकलं असतं. आणि सुरुंगकाकाही झोपायचा नाही. तुमचं ते लाल औषध घेणारे तेवढे ओंडक्यासारखे पडतात. गेल्या महिन्यात मास्तरीणबाई झोपेतच न्हाणीत गेल्या आणि नळावर डोकं फुटून मेल्या."

मेट्रनचा चेहरा बदलला. "औषध डॉक्टर लिहून देतात. मी फक्त पाजते," ती पुटपुटली आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाली, "फौजदारबाई, नका ना त्यात शिरू."

४

घरचे डॉक्टर त्यांच्या खोलीत चहा घेत होते. डोळे पाणावलेले, अंगात घडी मोडलेला कोरा कोट. हातातले रबरी हातमोजे काढायचंही भान नव्हतं बिचाऱ्यांना.

"मी त्यांना सोडून गेलेला पेशंट मानलंच नाही कधी," ते म्हणाले. "वर्षभर दर महिन्याला तपासलंय त्यांना मी. नखशिखांत."

"आज दुपारी काय बघितलंत?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"सांगायला जीभ रेटत नाही. आम्ही एका धंद्यातले. पण मी दारावरून जात होतो, दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या होत्या, मला त्यांची पाठ दिसत होती. काकांच्या कानाशी वाकून त्या हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. एकदम काका उसळले. 'नको मला तुझी सुई! चालती हो इथून!' मी म्हटलं, आपण मध्ये पडायला नको. तिथेच चुकलो. पडलो असतो तर…"

त्यांनी कप खाली ठेवला. इन्स्पेक्टरने माझ्याकडे बघितलं, आता तरी पटलं ना, अशा नजरेनं.

खिडकीतून फाटक दिसत होतं. शिपाई शिडीवर चढून पाटीचे खिळे उपटत होता. उद्यापासून मला या माणसासमोर जीभ बाहेर काढावी लागणार होती, तो देईल ते लाल औषध प्यावं लागणार होतं. आणि ज्या बाईनं माझा खुबा स्वतःच्या हातांनी रोज थोडा थोडा चालता केला, ती फासावर जाणार होती. माझ्या तोंडात जुनी कचेरीतली शिवी आली. ती मी गिळली नाही.

५

स्कूटरवालीच्या ओठाला कुणी साधा कापूससुद्धा लावला नव्हता. मी माझा रुमाल दिला.

"काकाला आज काय सांगितलंत?"

"त्यांनी मला त्या लाल औषधाची बाटली दिली होती. मी ती तपासून घेतली. झोपेचं औषध, म्हाताऱ्या माणसाला पायांवर उभं राहू न देणारं. तेच सांगितलं. ते ओरडले, 'म्हणजे आम्हाला गुंगवून ठेवतात! आज चहाला सगळ्यांसमोर बोलणार मी!' त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे बाहेर ज्याला ऐकायचं त्याने ऐकलं," इन्स्पेक्टर म्हणाला. "पण बाटल्या मेट्रन भरते, लिहून डॉक्टर देतात, आणि मशीन तुमचं आहे. तुम्ही कुठे बसला होतात?"

"खिडकीच्या बाजूला. त्यांच्या डाव्या हाताला. नेहमी तिथेच बसते."

"डॉक्टर लोक पेशंटच्या उजव्या हाताला असतात ना?"

"हो. कॉलेजात पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात. पुढे हातापायात मुरतं ते."

"मग तुम्ही डावीकडे का?"

तिने रुमाल ओठावर दाबून धरला.

"बाई, घरचे डॉक्टर म्हणतात तुम्ही दाराकडे पाठ करून बसला होतात, म्हणजे उजवीकडे. स्टूलही तिथेच मिळालं. डावीकडे बसायचं कारण नसेल तर तुमचं बोलणं कोण खरं मानणार?"

"कारण आहे. पण त्यांनी वचन घेतलंय माझ्याकडून. पेशंट मेला म्हणून त्याचं गुपित चव्हाट्यावर मांडायचं नसतं."

"फासावर जाल!" मी ओरडले.

"मग जाईन," ती म्हणाली.

मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली आणि त्याच वेळी पाया पडावंसंही वाटलं. मी डोळे मिटले. डावीकडे. जेवणाच्या टेबलावर सुरुंगकाका कायम कडेच्या खुर्चीत बसायचा, उजवा खांदा भिंतीला टेकवून. दुसरं कुणी तिथे बसलं तर भांडण. पत्ते खेळताना मला नेहमी डाव्या बाजूला बसवायचा. आणि बाकावर त्या दिवशी मी बसले होते त्याच्या उजवीकडे.

खोलीत एकच बहिरा चालतो.

"अरे देवा," मी म्हटलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

६

"एक पाच मिनिटं दे," मी इन्स्पेक्टरला म्हटलं. "माझी खोली हुबेहूब काकाच्या खोलीसारखी आहे. मी पलंगावर झोपते. डॉक्टरसाहेबांनी काय बघितलं तेवढं करून दाखवू दे. मग मी तुझ्या वाटेत येणार नाही."

घरचे डॉक्टर आले. मेट्रन आली, पुतण्या लंगडत आला. स्कूटरवालीला पोलीस शिपायाने दंडाला धरून आणलं. मी उताणी पडले, उजवीकडे दार.

"इथे स्टूल," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या उजव्या हाताला बसले. "अशी वाकली होती." त्यांचं तोंड माझ्या उजव्या कानाशी आलं. श्वासाला लवंगेचा वास होता.

"दारातून काय दिसतं?" मी विचारलं.

"पाठ," इन्स्पेक्टर म्हणाला.

"आणि ती हळू बोलत होती, याच कानात?"

"अगदी हळू."

"आणि काकाला ते ऐकू आलं?"

"ऐकलं म्हणून तर भडकले."

"डॉक्टर, सुरुंगकाकाचा उजवा कान तरुणपणीच गेला होता. खाणीत सुरुंग वेळेआधी उडाला. त्या कानात तोफ डागली असती तरी तो झाडाकडे बघत बसला असता."

स्कूटरवालीच्या तोंडून हुंदका फुटला. तेवढं पुरे होतं. वचन तिनं मोडलं नव्हतं, मी ओळखलं होतं.

"सुरुंग उडवणारा बहिरा निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवतात," मी म्हटलं. "म्हणून त्याने जन्मभर लपवलं, नोकरी संपल्यावरही. तिला माहीत होतं, म्हणून ती उलट्या बाजूला बसायची. पुतण्याला डॉक्टर कुठे बसतात याची पर्वा नाही. मेट्रनने तिला रोज खिडकीशी बसलेली बघितलंय. ती तिथे बसली होती असं दिसावं म्हणून खून झाल्यावर स्टूल उचलून उजवीकडे कोण ठेवेल? ज्याच्या हातापायात उजवी बाजू मुरलीय, असा डॉक्टर. आणि ज्याला काकाचा कान ठाऊक नाही, असा. वर्षभर नखशिखांत तपासलंत म्हणे! बाहेर लपून तुम्ही ऐकलंत, पण फक्त त्याचं ओरडणं. ती हात धुवायला गेली आणि तुम्ही आत शिरलात."

"म्हातारी बरळतेय," डॉक्टर हसले. "वयाने होतं असं. एक इंजेक्शन देतो."

त्यांचा उजवा हात माझ्या दंडावर आला. रबरी हातमोज्यातला. मी तो पकडला आणि अंगठ्याच्या बुडाशी, जिथे रबर फुगलं होतं तिथे, बोटं रुतवून पूर्ण ताकदीनिशी दाबला.

ते गुरासारखे ओरडले. हातमोज्याच्या आत लाल पसरत गेलं.

७

पुढचं फार भराभर झालं. डॉक्टरांचा दुसरा हात माझ्या गळ्यावर आला. लोण्यासारखा माणूस, पण बोटं सांडशीसारखी. माझं डोकं त्यांनी पलंगाच्या लोखंडावर आपटलं, एकदा, दोनदा. डोळ्यांपुढे काळोखी आली. "गप्प राहत नाहीत हे!" ते माझ्या तोंडावर किंचाळत होते. "दिवसभर कण्हणं, हाका, भांडणं! मी शांतता दिली सगळ्यांना! ती मास्तरीण पडली त्यात माझा काय दोष?"

मी गुडघा वर मारला. मोडलेल्या खुब्यातून आग निघाली, पण तो बरोबर जागी लागला. इन्स्पेक्टरने त्यांना मागून धरलं, त्यांनी त्याच्या नाकावर डोकं आदळलं. शेवटी मेट्रनने दोन्ही हातांनी त्यांची मान पकडली, जमिनीवर पालथं पाडलं आणि ती त्यांच्या पाठीवर बसली. त्यांची बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"मी पाजत होते," ती रडत म्हणाली. "ह्यांच्या सांगण्यावरून माझ्या हाताने पाजत होते मी."

इन्स्पेक्टरने नाकातलं रक्त पुसलं आणि हातमोजा ओढून काढला. अंगठ्याखाली दातांची अर्धगोल ओळ होती, खोल, आणि मधला एक तुकडा गायब.

स्कूटरवालीला सोडल्याबरोबर ती सगळ्यात आधी माझ्याकडे आली. गळा बघितला, डोक्यामागचं रक्त दाबून धरलं, खुबा चाचपला. मग खाली पडलेल्या डॉक्टरांची बरगडीसुद्धा तपासली. मी असते तर आणखी एक मोडली असती.

प्रेत नेणारे स्ट्रेचर घेऊन निघाले. पुतण्या पुढे होता, मान खाली घालून. फाटकाशी मी त्यांना थांबवलं. शिपाई पाटी हातात धरून गोंधळून उभा होता.

"बघतोस काय? ठोक परत," मी त्याला म्हटलं. "आणि खिळे लांब घे."

मग मी वॉकर वळवून स्ट्रेचरला वळसा घातला आणि पलीकडे गेले. वेळ लागला. नेणारे चुळबुळ करत होते, पण कुणी काही बोललं नाही. मी चादर जराशी बाजूला केली आणि त्याच्या डाव्या कानाशी वाकले.

"सापडला रे तो," मी म्हटलं. "तुझ्या दातांनीच पकडून दिला."

आणि बाकावर विचारला होता तो प्रश्न मी पुन्हा विचारला. रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येशील का, आपण दोघंच?

या वेळी मी बरोबर कानात विचारलं होतं. मग चादर नीट केली आणि त्यांना जाऊ दिलं.